गॅमा कॅमेरा आणण्याआधी

आपल्या भागातला कॅन्सरचा रुग्ण बोन स्कॅनसाठी (हाडांच्या तपासणीसाठी) अजूनही नागपूर गाठतो. यवतमाळहूनच ते दीडशे किलोमीटर पडतं. म्हणून तुम्ही आपल्या रुग्णालयासाठी गॅमा कॅमेऱ्याचं (इंजेक्शनने दिलेल्या किरणोत्सारी औषधाचं शरीरातलं चित्र काढणाऱ्या यंत्राचं) मनावर घेतलं हे फार चांगलं झालं. फक्त सुरुवात कोटेशनपासून नको, नकाशापासून करा. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवर रुग्णालयाची नोंदणी करून आधी जागा आणि खोल्यांचा नकाशा मंजूर करून घ्या. तोवर एक वीटही रचू नका. बांधलेली भिंत किरणं अडवायला जाडीला कमी भरली, तर पाडून पुन्हा बांधायला आपल्याकडे पैसा नाही.

नकाशात हॉट लॅब (किरणोत्सारी औषध तयार करायची खोली), इंजेक्शनची खोली, कॅमेऱ्याची खोली आणि किरणोत्सारी कचऱ्याची कुलपातली जागा दाखवा. इंजेक्शन घेतलेल्यांच्या अंगातून काही काळ किरणं निघतात, म्हणून त्यांची बसायची जागा आणि संडास वेगळाच हवा. यात तडजोड मला मान्य नाही. आपल्याकडे एका रुग्णामागे चार माणसं येतात, कडेवर लेकरू असतं, आणि सगळे एकाच बाकावर टेकतात. सामान्य माणसासाठी वर्षाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट (किरणांच्या डोसचं माप) आहे. ती पाळायची तर बाकापासूनच विचार लागतो.

माणसं मशीनच्या आधी शोधा. न्यूक्लिअर मेडिसिनचे डॉक्टर, टेक्नॉलॉजिस्ट आणि मंडळाने मान्य केलेला आरएसओ (किरणोत्सार सुरक्षा अधिकारी) यांच्याशिवाय परवान्याचं पाऊल पुढे पडत नाही, आणि तालुक्याच्या गावी यायला लोक पटकन तयार होत नाहीत. राहायच्या क्वार्टरचं आत्ताच बघा. प्रत्येकाला टीएलडी बॅज (अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा) लागेल. डोस कॅलिब्रेटर (औषधाची मात्रा मोजायला), सर्व्हे मीटर (खोलीतली किरणं मोजायला), शिशाचे आडोसे हेही आधीच घ्या. स्पेक्ट-सीटी (गॅमा कॅमेरा आणि सीटी स्कॅन एकत्र असलेलं यंत्र) घेणार असाल तर त्यातल्या सीटीच्या मॉडेलला मंडळाची मान्यता आहे ना, ते पाहूनच ऑर्डर द्या.

आता वीज. कॅमेऱ्यातला किरणं टिपणारा स्फटिक तापमानाच्या झटक्याने तडकू शकतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना एसी बंद पडला तर काय, याचं उत्तर जनरेटरसकट तयार ठेवा.

इंजेक्शनच्या किरणोत्सारी औषधाची परवानगी निराळी घ्यावी लागते. त्यातलं टेक्नेशियम दर ६ तासांनी निम्मं होतं, आणि ज्यातून ते काढतात ते मॉलिब्डेनम ६६ तासांनी. त्यामुळे रुग्णांच्या तारखा मॉलिब्डेनमच्या येण्याच्या दिवसाला बांधून द्या, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत आदल्या दिवशी प्रत्येकाला फोन करा.