‘यूज्ड टू’ कसं वापरावं : ‘करायचो’, ‘सवय आहे’ आणि ‘वापरतात’

‘गाता का तुम्ही?’ असं कुणी विचारलं आणि गाणं सुटून बरीच वर्षं झाली असली, तर आपण एका शब्दात उत्तर देतो : ‘गायचो.’ तेव्हा गात होतो आणि आता गात नाही, या दोन्ही गोष्टी त्यात आल्या. इंग्रजीत याला अगदी सख्खा जोडीदार आहे : ‘आय यूज्ड टू.’ बस, एवढंच. पुढे ‘सिंग’ म्हणायचीही गरज नाही.

मग गोंधळ कुठे होतो? ‘यूज्ड टू’ हे दोन शब्द तीन वेगवेगळ्या कामांना लागतात आणि शाळेत ती तिन्ही कामं वेगवेगळ्या धड्यांत विखुरलेली असतात. म्हणून आधी नियम पाठ करू नका. मनातलं मराठी वाक्य नीट ऐका.

आधी मराठी वाक्य ओळखा

मी चालत जायचो.
मला चालत जायची सवय आहे.
काठी चालताना आधारासाठी वापरतात.

पहिल्यात सुटलेला परिपाठ आहे, दुसऱ्यात अंगवळणी पडलेली गोष्ट आणि तिसऱ्यात नुसता वापर. इंग्रजीत तिन्हींत ‘यूज्ड टू’ येऊ शकतं, पण आजूबाजूचे शब्द बदलतात.

‘-यचो’ ऐकू आलं तर

‘यूज्ड टू’ आणि पुढे क्रियापदाचं मूळ रूप. मध्ये ‘अ‍ॅम’ नाही, ‘वॉज’ नाही, शेवटी ‘इंग’ नाही. ‘आय यूज्ड टू वॉक टू वर्क.’ मराठीत जायचो, जायची, जायचे, जायचा अशी रूपं सांभाळावी लागतात. इंग्रजीत ‘ही’, ‘शी’, ‘दे’ सगळ्यांना एकच रूप चालतं.

सवयच असली पाहिजे असंही नाही, जुनी स्थितीही चालते. ‘इथे पूर्वी एक झाड होतं’ : ‘देअर यूज्ड टू बी अ ट्री हिअर.’ ‘ती पूर्वी फार लाजरी होती’ : ‘शी यूज्ड टू बी व्हेरी शाय.’ मराठीत इथे ‘होतं’ आलं तरी ‘पूर्वी’ हा शब्द खूण पटवतो.

आता आपल्याकडून सर्रास होणारी चूक. ‘मी रोज पाचला उठतो’ हे सांगताना अनेक जण ‘आय यूज टू गेट अप अ‍ॅट फाइव्ह’ म्हणतात. या रचनेला आजच्या इंग्रजीत वर्तमानकाळ नाही. ऐकणारा समजतो की तुम्ही पूर्वी उठत होता, हल्ली लोळत पडता. चालू सवयीसाठी ‘आय गेट अप अ‍ॅट फाइव्ह’ किंवा ‘आय युज्वली गेट अप अ‍ॅट फाइव्ह’ पुरे. गंमत म्हणजे काही शतकांपूर्वीच्या इंग्रजीत ते वर्तमानकाळी रूप होतं. पुढे ते गळालं. म्हणजे आपली चूक अगदीच निराधार नाही, जरा उशिरा आली इतकंच.

आकडा किंवा ठरावीक मुदत आली की थांबा. ‘मी तिथे तीनदा जायचो’ हे मराठीतच कानाला खटकतं ना? आपण ‘तीनदा गेलो’ म्हणतो. ‘पाच वर्षं राहायचो’ नाही, ‘पाच वर्षं राहिलो’. इंग्रजीतही तसंच : ‘आय वेंट देअर थ्री टाइम्स’, ‘आय लिव्हड देअर फॉर फाइव्ह इयर्स’. इथे मराठी कान पुरेसा आहे, वेगळा नियम नको. (‘आठवड्यातून तीनदा जायचो’ मात्र दोन्हीकडे चालतं.)

नकारात आणि प्रश्नात ‘डिड’ भूतकाळाचं ओझं उचलतो, म्हणून लिहिताना शेवटचा ‘डी’ गळतो : ‘आय डिडन्ट यूज टू लाइक टी’, ‘डिड यू यूज टू लिव्ह हिअर?’ बोलताना फरक कळत नाही, त्यामुळे लिहिताना ‘डी’ ठेवणारेही पुष्कळ दिसतात. परीक्षेत गाळा.

आठवणी सांगताना दर वाक्याला ‘यूज्ड टू’ आलं की कंटाळवाणं होतं. सुरुवात त्याने करा आणि पुढे ‘वुड’ वापरा : ‘माय ग्रँडमदर यूज्ड टू लिव्ह विथ अस. एव्हरी नाइट शी वुड टेल अस अ स्टोरी.’ हा ‘वुड’ म्हणजे आपलं ‘आजी गोष्ट सांगे’. पण तो पुन्हा पुन्हा घडणाऱ्या कृतींनाच चालतो, स्थितीला नाही. झाडाच्या वाक्यात तो घालू नका.

‘सवय’ ऐकू आली तर

इथे ‘अ‍ॅम’, ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ यांपैकी कुणीतरी हवंच, आणि पुढे नाम किंवा ‘इंग’वालं रूप. ‘आयॅम यूज्ड टू द नॉइज.’ ‘आयॅम यूज्ड टू वेकिंग अप अर्ली.’ ‘टू’नंतर ‘इंग’ पाहून आपण बिचकतो. हा ‘टू’ क्रियापदाचा नव्हे, तो आपल्या ‘ची’सारखा नामाला जोडणारा आहे : आवाजाची सवय, उठण्याची सवय. शंका आली तर पुढे ‘इट’ ठेवून बघा. ‘आयॅम यूज्ड टू इट’ शोभतं, म्हणजे त्या जागी ‘इंग’ येणार.

सवय अजून लागते आहे, लागेल, लागली असं सांगायचं असेल तर ‘गेट’ आणा. नव्या जागी झोप लागत नाही म्हणून कुणी कुरकुरलं की ‘होईल हळूहळू सवय’ म्हणतो, ते इंग्रजीत ‘यूल गेट यूज्ड टू इट’. रोजच्या बोलण्यात हे वाक्य इतकं येतं की ते अख्खंच पाठ करावं.

आणि ‘इंग’ विसरलात तर? ‘आयॅम यूज्ड टू ओपन डोअर्स’ याचा व्याकरणशुद्ध अर्थ होतो : दारं उघडायला माझा वापर होतो. म्हणजे तुम्ही किल्ली झालात. तिसरं काम हेच : ‘अ की इज यूज्ड टू ओपन अ डोअर.’ वस्तूंसाठी उत्तम, माणसांसाठी जपून.

उच्चार

पहिल्या दोन कामांत उच्चार ‘यूस्टू’ असा, एका दमात, ‘स’ स्वच्छ. वापराच्या अर्थात मात्र ‘यूज्ड’, त्यातला ‘ज’ साधारण ‘जोर’मधल्यासारखा. किल्लीचं वाक्य आणि गाण्याचं वाक्य एकापाठोपाठ मोठ्याने म्हणा, फरक जिभेवर बसतो.

सराव

लहानपणीची पाच वाक्यं ‘-यचो’ किंवा ‘-यची’ने लिहा, आजच्या पाच सवयी ‘सवय आहे’ने लिहा, आणि मगच इंग्रजी करा. त्यानंतर दोन्ही रचना एकाच वाक्यात आणून बघा. उदाहरणार्थ, ‘तो पूर्वी एकटा राहायचा, पण आता त्याला एकटं राहायची सवय उरलेली नाही.’ उत्तर झाकून आधी स्वतः करा : ‘ही यूज्ड टू लिव्ह अलोन, बट ही इजन्ट यूज्ड टू लिव्हिंग अलोन एनी मोअर.’