जीपीएस असताना काचेजवळचा कंपास कसा वापरायचा (छोट्या विमानवाल्यांसाठी)

दर बॅचला एक तरी पोरगं विचारतंच, सर मांडीवर टॅबलेट आहे, पॅनेलवर जीपीएस आहे, मग हे रॉकेलचं भांडं कशाला लटकवून ठेवलंय? आणि भांडं म्हणणं तसं चूक नाही, कंपासच्या आत पाण्यासारखं दिसतं ते शुद्ध केलेलं रॉकेलच असतं, त्यात आकडे लिहिलेली चकती तरंगते, चकतीला छोटे लोहचुंबक, आणि समोर काचेवर एक उभी रेघ, संपलं. रात्रीच्या दिव्याची वायर सोडली तर वीज नाही, व्हॅक्यूम पंप नाही, काही नाही. अल्टरनेटर जाऊ दे, बॅटरी मरू दे, हे आपलं डुलत बसलेलं असतं. पण म्हणून ते जीपीएसपेक्षा भारी आहे असं काही जुने पायलट चहाच्या टपरीवर छातीठोक सांगतात ना, तेही खरं नाही. दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, सगळा घोळ तिथे आहे.

कंपास सांगतो विमानाचं नाक कुठे आहे, म्हणजे हेडिंग. जीपीएस सांगतं तुम्ही आत्ता कुठे आहात आणि जमिनीवरून कुठल्या दिशेने सरकताय, म्हणजे ट्रॅक. समजा सेसना १७२ मध्ये १०० नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) सरळ उत्तरेला जायचंय आणि पश्चिमेकडून १५ नॉटचा वारा आहे, तर नाक साधारण नऊ अंश डावीकडे, ३५१ वर धरावं लागतं. कंपास ३५१ दाखवणार, जीपीएसचा ट्रॅक ३६०, आणि दोन्ही बरोबर. नवीन माणूस इथे गडबडतो, म्हणतो कंपास नऊ अंश चुकतोय. अरे तो चुकत नाहीये, तो वारा आहे! उलट दोन्ही आकडे शेजारी ठेवले की वारा किती लागतोय ते फुकटात कळतं.

बरं, नुसत्या दिशेवर भागतं का, तर नाही. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून थेट जुहूला उतरलं आणि रनवे संपून पुढे गेलं. जुहूचा रनवे ०८, सांताक्रूझचा ०९, दोन विमानतळ दोन-तीन मैलांवर. रनवेचा नंबर हा मॅग्नेटिक दिशेचाच असतो (०८ म्हणजे साधारण ८० अंश), म्हणजे तिथे कंपास बघून फरक पडला असता तो जेमतेम दहा अंशांचा. मुद्दा हा की आपण नक्की कुठल्या रनवेसमोर आहोत हे जीपीएसच्या नकाशावर आज पोरसुद्धा सांगेल. तिथे कंपासचा अभिमान नको.

आता कामाचं. विमानात बसलात की आधी कंपासकडे नीट बघा, नुसतं चेकलिस्टमध्ये टिक करू नका. रॉकेल पूर्ण भरलेलं आहे का, मोठा बुडबुडा आहे का, पिवळं पडून आकडे दिसेनासे झालेत का. मग शेजारचं छोटं कार्ड वाचा, ज्यावर फॉर आणि स्टीअर असे दोन रकाने असतात, ०९० साठी ०९२ धरा वगैरे. विमानातलं लोखंड, रेडिओ, वायरी सगळं मिळून कंपासला थोडं ओढतं, ते डेव्हिएशन, आणि इंजिनिअर लोक विमान दर ३० अंशांवर फिरवून ते मोजतात, त्याला कंपास स्विंग म्हणतात. कार्डावर तारीख असते ती बघा, आणि रेडिओ चालू असताना मोजलंय की बंद असताना तेही. व्हेरिएशनचं म्हणाल तर महाराष्ट्रात आपण नशीबवान, खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर यात फार तर एखाद्या अंशाचा फरक. अमेरिकेत सिएटलला तोच पंधराच्या आसपास आहे, त्यामुळे तिकडे जाऊन लायसन्स कन्व्हर्ट करणाऱ्या आपल्या मुलांची पहिल्या नॅव्हिगेशन फ्लाइटला तारांबळ उडते, कारण इकडे ते गणित कधी अंगवळणी पडलेलंच नसतं.

मग आजूबाजूची साफसफाई. फोन, टॅबलेटचं मॅग्नेटवालं कव्हर, हेडसेट, यातलं काहीही कंपासजवळ नको. माझीच गोष्ट सांगतो, ट्रेनिंगमध्ये सोलापूरकडे निघालो होतो, त्या विमानात कंपास डॅशवर मधोमध बसवलेला, आणि जास्तीचा हेडसेट मी डॅशवर तिथेच टेकवून ठेवला. हेडसेटच्या स्पीकरमध्ये चांगले दणकट मॅग्नेट असतात हे माहीत असून. कंपास बघून डीजी (पॅनेलवरचं, भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या जायरोवर चालणारं दिशेचं यंत्र) सेट केला, छान वाटलं, आणि तीसेक मैलांवर जे उजनीचं पाणी डावीकडे लांब दिसायला हवं होतं ते सरळ पायाखाली आलं. इन्स्ट्रक्टर काही बोलले नाहीत, फक्त हेडसेट उचलून मागच्या सीटवर टाकला आणि कंपासची चकती माझ्या डोळ्यांदेखत वीस अंश फिरली. साठ मैलांवर एक अंश चुकलं की एक मैल बाजूला, हा हिशेब लावा, तीस मैलांवर वीस अंश म्हणजे दहा मैल. बरोबर तेवढाच भटकलो होतो.

टॅक्सी करताना वळणावर आकडे हलतायत का बघायचं, आणि रनवेवर लाइनअप झालात की कंपास, डीजी आणि रनवेचा नंबर, तिघं जुळले पाहिजेत. हे दोन सेकंदांचं काम आहे आणि लोक हेच विसरतात.

हवेत गेल्यावर मात्र कंपास हा मूडी प्राणी. तो फक्त तेव्हाच वाचायचा जेव्हा विमान सरळ, सपाट आणि एकाच स्पीडला आहे, पंधरा-वीस सेकंद तसं धरा, चकती शांत होऊ द्या, मग आकडा घ्या आणि डीजी त्यावर सेट करा. दर १५ मिनिटांनी. डीजी म्हणजे जायरो, तो वळताना एकदम गुळगुळीत चालतो पण स्वतःहून हळूहळू सरकत जातो, काही पृथ्वी फिरते म्हणून आणि काही बेअरिंग घासतात म्हणून. म्हणजे वळायला डीजी, आणि डीजीवर लक्ष ठेवायला कंपास. अजून एक गंमत, चकती आपण मागच्या बाजूने बघतो त्यामुळे उत्तरेला तोंड असताना ०३० डावीकडे दिसतो आणि ३३० उजवीकडे. घाईत माणूस आकड्याच्या दिशेने वळतो आणि उलटाच जातो.

वळतानाची चूक का होते ते एकदा समजून घ्या, पाठांतर करू नका. पृथ्वीचं चुंबकक्षेत्र जमिनीला समांतर नसतं, ते उत्तरेकडे जमिनीत घुसलेलं असतं, त्याला डिप म्हणतात. चकती सपाट राहावी म्हणून ती अशी बसवलेली असते की वजन जरा दक्षिणेच्या बाजूला येतं, आणि मग विमान वळलं किंवा स्पीड बदलला की ती झोकांडी खाते. उत्तरेकडून वळायला लागलात की कंपास आधी उलट्या दिशेला जातो किंवा मागे राहतो, दक्षिणेकडून वळलात की पुढे पळतो. पूर्व-पश्चिमेला वळण्याची चूक नाही पण तिथे स्पीड वाढवला की उत्तरेकडे वळल्याचा भास, कमी केला की दक्षिणेकडे. पुस्तकात यूनॉस शिकवतात, नॉर्थला अंडरशूट (आकड्याच्या आधीच सरळ व्हा), साउथला ओव्हरशूट (आकडा ओलांडून सरळ व्हा), आणि अमेरिकन पुस्तकात सरळ ३० अंश ठोकून दिलेले असतात. ते तिकडचं आहे हो! तिकडे बऱ्याच ठिकाणी डिप साठीच्या वर, आपल्याकडे मुंबई-पुण्याला पंचवीस-तीसच्या दरम्यान, आणि केरळात थुंब्याला तर जवळपास शून्य, चुंबकीय विषुववृत्त तिथेच आहे म्हणून तर १९६३ साली भारतातून सुटलेलं पहिलं रॉकेट तिथून सोडलं. त्यामुळे आपल्याकडे ही चूक बरीच कमी असते. घोकलेला आकडा वापरून मुलं उत्तरेच्या फार आधी विमान सरळ करतात. इन्स्ट्रक्टरला घेऊन मोकळ्या हवेत चारही दिशांना वळून बघा आणि तुमच्या विमानाचे आकडे वहीत लिहून ठेवा.

चुंबकाचं नाजूकपण किती असतं बघा, कुलाब्याला १८४१ पासून चुंबकीय मोजमाप चालायचं, पण मुंबईत ट्राम विजेवर येणार म्हटल्यावर १९०४ साली ते काम अलिबागला हलवावं लागलं. आणि आपण कंपासशेजारी फोन चिकटवतो.

कुणी म्हणेल आमच्याकडे जी१००० आहे, ग्लास कॉकपिट, आम्हाला काय. तर त्या सुंदर स्क्रीनवरचं हेडिंग येतं कुठून? पंखात बसवलेल्या मॅग्नेटोमीटरमधून, म्हणजे तेही पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रावरच अवलंबून. लोखंडी हँगरजवळ उभे असाल तर त्यालाही चक्कर येते आणि हेडिंगवर लाल फुली दिसते. म्हणून त्या विमानातसुद्धा साधा कंपास ठेवलेलाच असतो.

आता जीपीएस गंडलं तर. टॅबलेट उन्हात तापून बंद पडणं हे मे महिन्यात रोजचंच, ते निदान कळतं तरी. वाईट प्रकार म्हणजे खोटे सिग्नल. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीला रनवे १० वर येणाऱ्या काही विमानांना असा त्रास झाल्याचं सरकारने संसदेतही सांगितलं. त्यात स्क्रीन बंद होत नाही, ती ठामपणे चुकीची जागा दाखवते. ग्राउंडस्पीड अचानक अचाट होणं, घड्याळ उडी मारणं, नकाशावरचं विमान भलत्याच गावावर जाणं, ही लक्षणं. असं झालं की नकाशाच्या मागे विमान वळवू नका. आहे ते हेडिंग धरा, वेळ लिहा, कंपास आणि डीजी जुळतायत का बघा, बाहेर नदी, रेल्वेलाइन, धरण शोधा आणि एटीसीला (जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्या कंट्रोलरला) सांगा, त्यात कसली लाज नाही. डीजीपण गेला असेल तर घड्याळावर वळा, स्टँडर्ड रेट टर्नला सेकंदाला तीन अंश, ९० अंशांना ३० सेकंद, मग सरळ करा, चकती थांबू द्या, आणि उरलेले पाच-दहा अंश छोट्या वळणाने दुरुस्त करा. चकतीच्या मागे धावलात की ती तुम्हाला नाचवते.

याची प्रॅक्टिस महिन्यातून एकदा करा, इन्स्ट्रक्टर शेजारी असताना टॅबलेट उलटा ठेवून, डीजीवर कागद लावून. त्याआधी डेव्हिएशन कार्डाचा फोटो काढून घ्यायला हरकत नाही, फक्त फोटो काढून झाला की फोन मागच्या सीटवरच्या बॅगेत टाका.