सणाचा केक रंगीत पेन्सिलींनी काढायचाय? मग आधी एवढं जवळ घेऊन बसा

सणाच्या दिवशी टेबलावर केक, कुकीज, फळं असं सगळं मांडलेलं बघून हात शिवशिवतातच, पण रंगीत पेन्सिलीचं काम सावकाश चालतं, तळहाताएवढ्या चित्रालाही सहज तीन-चार तास जातात आणि क्रीम काही तेवढा वेळ थांबत नाही. म्हणून ताट समोर आल्यावर काही शोधायला उठायचं नाही, सगळं आदल्या दिवशीच काढून ठेवायचं.

आधी कागद. प्रिंटरचा ८० जीएसएमवाला (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन, ग्रॅममध्ये) नको, दोन-तीन थरांनंतर तो रंग धरतच नाही. निदान १६० तरी घ्या, २०० च्या पुढचा मिळाला तर उत्तमच. गुळगुळीत हवा पण काचेसारखा नको, बोट फिरवलं की किंचित खरखर लागली पाहिजे, कारण रंग त्या खरखरीतच अडकून बसतो. वॉटरकलरच्या दाणेदार कागदावर क्रीम नीट येत नाही, मधेमधे पांढरे ठिपके राहतात, पावाच्या कवचाला मात्र तोच दाणा फार छान दिसतो. त्याच कागदाचा एक तुकडा रंग ट्राय करायला बाजूला ठेवाच, दुसऱ्या कागदावर तोच रंग वेगळा दिसतो.

पेन्सिली २४ असल्या तरी पुरतात. वॅक्सवाल्या, म्हणजे मेणात रंग बांधलेल्या, मऊ असतात, उदाहरणार्थ प्रिझ्माकलर प्रीमियर, आणि ऑइलवाल्या, म्हणजे तेलात बांधलेल्या, जरा कडक, फेबर-कॅस्टेलच्या पॉलिक्रोमॉससारख्या, त्यांचं टोक जास्त टिकतं, त्यामुळे केकवरची बारीक नक्षी त्यांनीच करते मी. वॅक्सचे दाट थर दिले तर काही दिवसांनी चित्रावर पांढुरकी साय धरते, घाबरू नका, मऊ कापडाने हलकेच पुसली की जाते. सेटमधून आयव्हरी (पिवळसर पांढरा), यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), गडद सेपिया (काळपट तपकिरी) आणि इंडिगो (गडद निळा) वेगळे काढून हाताशी ठेवा, भाजलेलं जे काही असतं ते बहुतेक यांच्यातूनच निघतं. काळी पेन्सिल डब्यातच राहू दे, चॉकलेटला काळा लावला की ते डांबर दिसतं, सेपियावर इंडिगो चढवा, मग बघा.

आता पांढरं, आणि याच्यासाठीच मी एवढं लिहितेय. रंगीत पेन्सिल पारदर्शक असते, गडद रंगावर पांढरी पेन्सिल फिरवली तर फक्त फिकट, धुरकट दिसतं, पांढरं होत नाही. म्हणजे आयसिंग, साखरेचा भुरभुराट, चकाकी, हे सगळं कोऱ्या कागदातूनच राखायचं असतं, आणि ते कुठे राखायचं हे पहिली रेघ ओढायच्या आधी ठरवायला लागतं. केकवरची एक चेरी घ्या. तिच्यावर चमक असते ती गोल नसतेच, नीट बघितलं तर खिडकीचा चौकोन चेरीच्या गोलाईवर वाकलेला दिसतो, एका कडेला तीक्ष्ण, दुसऱ्या कडेला विरघळत गेलेला. तो आकार २एच, म्हणजे कडक शिशाच्या, पेन्सिलीने अगदी पुसट आखून ठेवा आणि तिथे शेवटपर्यंत हात लावू नका. आणि तिची सावली क्रीमवर पडते ती राखाडी नसते, चेरीजवळ गुलाबी आणि पुढे जाऊन निळसर. बारीक पांढऱ्या रेघांसाठी रिकामं बॉलपेन ठेवा, आधी कागदावर दाबून रेघ मारायची, मग वरून रंग फिरवला की ती खाच पांढरीच राहते. शेवटच्या दोन-तीन ठिपक्यांना पांढरं जेलपेन चालतं, पण वॅक्सवर ते अडकत अडकत चालतं, तुकड्यावर आधी बघून घ्या.

एकाच बाजूने येणारा उजेड हवा, दोन दिवे असले की सावल्या दोन होतात आणि सगळा गोंधळ. ताट मांडलं की लगेच, बसल्यावर डोळे असतात त्याच उंचीवरून, फोटो काढून ठेवा. मी एकदा फोटो न काढता क्रीमचं फूल घेऊन बसले, तासाभरात त्याच्या पाकळ्या बसल्या आणि अर्ध्या शेडिंगचा समोरच्या फुलाशी काही मेळच राहिला नाही, ते चित्र तसंच राहिलं, अजून वाईट वाटतं.

बाकी शार्पनर (धारवाला, बोथट असला तर शिसं तुटत राहतं), मळता येणारा खोडरबर, हाताखाली घ्यायला साधा कागद, आणि रंगाचे कण झटकायला मऊ ब्रश, हाताने झटकले की ते नेमके पांढऱ्यावर फासले जातात.

मांडणी पण लवकर बिघडणारं आधी या हिशोबानेच करा. क्रीम आणि कापलेलं सफरचंद पुढे, तेच पहिलं काढायचं, सफरचंद तर बघता बघता तपकिरी पडतं. पाव त्यानंतर. अक्रोड आणि बिस्किटं मागे ठेवली तरी चालतील, ती उद्याही तशीच असतात, फक्त घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा की हे ताट उद्या दुपारपर्यंत कोणी उचलायचं नाही.