शेतातल्या डीपीला किती केव्हीए लागतात? असा काढा हिशेब

डीपीवर, म्हणजे शेतातल्या रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर), एखादा पंप वाढला की प्रश्न येतोच: ६३ केव्हीएचं रोहित्र पुरेल का? याचं उत्तर अंदाजाने देऊ नये. कागद-पेन घेऊन बसलात तर अर्ध्या तासात निघतं.

रोहित्राची क्षमता किलोवॅटमध्ये नाही, केव्हीएमध्ये (व्होल्ट आणि अँपिअरच्या गुणाकारावरून) सांगतात. त्याची वाइंडिंग तापते ती करंटमुळे. त्यातल्या किती करंटने प्रत्यक्ष काम केलं, याच्याशी तापण्याचा संबंध नाही.

१. एचपीची बेरीज करा. समजा, डीपीवर ५ एचपीचे ६ आणि साडेसात एचपीचे ३ पंप आहेत. एकूण ५२.५ एचपी.

२. किलोवॅट काढा. एक एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॅट. ५२.५ × ०.७४६ = ३९.२. पण हे मोटरने शाफ्टवर दिलेलं काम झालं. मोटरची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर ती ३९.२ ÷ ०.८ = ४९ किलोवॅट ओढते.

३. पॉवर फॅक्टरने भागा. ओढलेल्या केव्हीएपैकी जितका भाग प्रत्यक्ष काम करतो, तो पॉवर फॅक्टर; कॅपॅसिटर लावला की तो सुधारतो. कॅपॅसिटर नसलेल्या पंपाचा पॉवर फॅक्टर ०.८ धरा. ४९ ÷ ०.८ = ६१.२५ केव्हीए.

म्हणजे ६३ चं रोहित्र काठोकाठ भरलं. घरगुती जोडण्यांमध्ये सगळे एकदम वापर करत नाहीत, म्हणून तिथे बेरजेतून सूट घेता येते. शेतीत ती घेऊ नका. लाइट आली की सगळ्यांचे पंप एकदमच सुरू होतात आणि ऑटो स्विच असतील तर एकाच क्षणी. थेट स्टार्टरवर सुरू होताना मोटर नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते, तेही लक्षात घ्या. म्हणून २० टक्के जागा मोकळी ठेवायची: ६१.२५ ÷ ०.८ = ७६.६. मग पुढचं प्रमाणित रोहित्र १०० केव्हीएचं.

पण नवीन रोहित्र मागण्याआधी प्रत्येक पंपाला योग्य कॅपॅसिटर लावून पाहा. पॉवर फॅक्टर ०.९५ झाला, तर ४९ ÷ ०.९५ = ५१.६ केव्हीए. तेच नऊ पंप, पण ६३ च्या रोहित्रावर जवळपास १८ टक्के जागा शिल्लक! गावकीत एकाने लावून भागत नाही, सगळ्यांनीच लावायला हवेत.

४. करंटवरून पडताळा. केव्हीए = १.७३२ × व्होल्ट × अँपिअर ÷ १०००. ४३३ व्होल्टच्या बाजूला ६३ केव्हीए म्हणजे प्रत्येक फेजला ८४ अँपिअर, १०० केव्हीए म्हणजे १३३. बेरीज बसली तरी एखाद्या फेजवर ८४ च्या वर जात असेल, तर रोहित्र तिथेच तापणार.

रिवाइंड झालेल्या मोटरच्या पाटीवर विसंबू नका. वायरमनला स्टार्टरपाशी टाँग टेस्टर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारं यंत्र) लावायला सांगा. ५ एचपीच्या पंपाला ४१५ व्होल्टवर १० अँपिअर दाखवले, तर तो पंप वरच्या हिशेबाने येणारे ५.८ नव्हे, ७.२ केव्हीए खातोय. हिशेबात तोच आकडा घ्या. डीपीवरची मोजणी मात्र लाइनमनकडूनच करून घ्या. फ्यूजच्या पेटीला स्वतः हात लावू नका.