हर्णैच्या लिलावात मासळी घेताना

दापोलीजवळच्या हर्णै बंदरावर संध्याकाळी होड्या लागल्या की वाळूवरच मासळीचा लिलाव सुरू होतो. घरापुरती मासळी हवी असेल तर बोलीत पडू नका, तिथे ढिगावर भाव ठरतो. शेजारी टोपल्या घेऊन बसलेल्या मावशींकडून घ्या. कल्ला उचलून बघा: आत लालभडक हवा, डोळा स्वच्छ आणि फुगीर. बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून आला पाहिजे. सुरमई, पापलेट घेताना हे तपासायला संकोच नको, मावशी स्वतःच उचलून दाखवतात. बर्फाचा डबा सोबत असू द्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, तेव्हा ताज्या मासळीसाठी मुद्दाम जाऊ नका. लिलावाआधी वेळ असेल तर समोरचा सुवर्णदुर्ग किनाऱ्यावरूनच डोळे भरून पाहता येतो.