कॅप्शन करताना या चुका टाळा: ‘नाही’ मागे ठेवू नका

मराठी मालिकांची कॅप्शन, म्हणजे ऐकू न येणाऱ्यांसाठी पडद्यावर येणारा मजकूर, तपासायचं काम मी करते. नव्या मुलांच्या फायलींत त्याच त्या चुका दिसतात, आता राहवत नाही म्हणून लिहितेय.

सगळ्यात वाईट चूक ओळ तोडण्याची. मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो आणि घोळ तिथेच होतो. एका मालिकेत सासरे कागद पुढे सरकवतात आणि सून म्हणते, “मी या कागदांवर सही करणार नाही.” कॅप्शन करणाऱ्याने ‘सही करणार’पर्यंत एक पट्टी (एका वेळी पडद्यावर दिसणारा मजकूर) केली. ‘नाही’ गेलं पुढच्या पट्टीत, सासऱ्यांच्या “काय?”सोबत. तो भाग लागला तेव्हा मी मावशीकडे होते. मावशी कुडाळची, तिशीनंतर तिचं ऐकणं गेलं. पहिली पट्टी वाचून तिने माझा हातच धरला, “अगो, सही करता ही!” मग ‘नाही’ आलं. तोवर सुनेचा चेहरा पडद्यावरून गेलेला. ज्या प्रसंगाची ती महिनाभर वाट बघत होती, तोच हुकला.

ती फाईल मीच पास केली होती, आवाज चालू ठेवून. कानांनी ‘नाही’ ऐकलं, म्हणून डोळ्यांना तुटलेलं वाक्य दिसलंच नाही. तेव्हापासून शेवटची तपासणी आवाज पूर्ण बंद करून, पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत. शिवाय फाईलमध्ये ‘नाही’, ‘नको’, ‘नव्हतं’ शोधते आणि पट्टीची सुरुवात यांपैकी एकाने होत असेल तर मागचं वाक्य उघडून बघते. वीस मिनिटं जातात. ज्यांना ती जड वाटतात, त्यांनी हे काम घेऊ नये.

बोलण्याशिवायचे आवाज लिहिताना नुसतं ‘संगीत’ लिहून काही कळत नाही. दार वाजलं आणि सगळे दचकले, तर दार वाजल्याचं लिहा. मागे कुणाच्या लक्षातही न येणारा पंखा फिरत असेल, तर सोडा.

दाराआडून बोलणाऱ्याचं नाव आधीच देऊ नका. ऐकू येणाऱ्या प्रेक्षकालाही ते अजून कळलेलं नसतं.

फाईल यूटीएफ-8 (अक्षरं साठवायची एक पद्धत) मध्येच ठेवा, नाहीतर पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग दिसेल.

सेकंदाला 24 फ्रेम धरून लावलेल्या कॅप्शनच्या वेळा सेकंदाला 25 फ्रेमच्या भागावर तशाच चढवल्या, तर वीस मिनिटांत पाऊण मिनिटाहून जास्त फरक पडतो. सुरुवातीची दोन मिनिटं बघून ‘जुळतंय’ म्हणणारे इथेच फसतात.

“एवढं कोण बघतं?” असं मला तोंडावर विचारलं गेलंय. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कॅप्शनचा उल्लेख आहे, 2019 मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने टीव्हीसाठी मानकंही काढली. बघणारे आहेत, आणि तो त्यांचा हक्क आहे.

आता बोलीबद्दल. सॉफ्टवेअरकडून कच्चा मसुदा घ्यायला माझी हरकत नाही, पण ते बोलीची प्रमाण मराठी करून टाकतं आणि घाईतली मुलं ती तशीच पुढे पाठवतात. पात्र “खंय चललंस?” म्हणालं, तर ‘कुठे निघालास?’ लिहू नका. तसंच ठेवलेलं एक कॅप्शन मावशीने वाचलं, मग मोठ्याने म्हटलं, अगदी कुडाळच्या हेलात. ऐकू येत होतं तेव्हाचा तो हेल तिच्या जिभेवर अजून तसाच होता.