चरबीच्या पेशी इन्सुलिनला किती दाद देतात, हे कसं मोजायचं

लठ्ठपणात चरबीची पेशी इन्सुलिनचं ऐकेनाशी होते. पण ती काय ऐकत नाही, हे पेशी सुट्या करून मोजल्याशिवाय कळत नाही. ही पद्धत मूळची मार्टिन रॉडबेल यांची, १९६४ सालची.

नीतिसमितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती हाती असेल तरच पोटाच्या शस्त्रक्रियेत कातडीखालची २-३ ग्रॅम चरबी घ्या. लिग्नोकेन (भूल देणारं औषध) त्याच तुकड्यात टोचलेलं नको. तुकडा बर्फात ठेवू नका, गारठ्याने चरबी थिजते आणि पेशी फुटतात. कोमट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) आणा, लगेच कामाला लागा.

रक्तवाहिन्या काढून कात्रीने बारीक तुकडे करा. ७.४ पीएचच्या बफरमध्ये अल्ब्युमिन हे प्रथिन आणि मिलिलिटरला १ मिलिग्रॅम कोलॅजिनेज (पेशींना बांधून ठेवणारे धागे विरघळवणारं विकर) घालून ३७ अंशांवर ३०-४५ मिनिटं हलके हलवत ठेवा. भांडी प्लास्टिकचीच हवीत, काचेवर पेशी फुटतात. मग २५० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा. दुधावर साय धरावी तशा पेशी वर येतात. खालचं पाणी सुईने ओढून तीनदा धुवा. सायीच्याही वर पिवळं तेल दिसलं तर पेशी फुटल्या समजा. कोलॅजिनेजचा प्रत्येक लॉट (एका वेळी बनवलेला साठा) वेगळा वागतो. आधी तपासा आणि संपूर्ण अभ्यासाला पुरेल एवढा एकच लॉट घेऊन ठेवा.

इन्सुलिन शून्यापासून सुरू करा, मग १० पिकोमोलर ते १०० नॅनोमोलर (१ नॅनोमोलर म्हणजे १००० पिकोमोलर), दर पायरीला दहापट. चरबीचं विघटन आयसोप्रिनालिन या औषधाने वाढवून इन्सुलिन ते किती दाबतं ते विघटनातून सुटणाऱ्या ग्लिसरॉलवरून मोजा, फॅटी ॲसिडवरून नको. फॅटी ॲसिड पेशी परत आत घेते, ग्लिसरॉल मात्र तिला जवळपास वापरताच येत नाही. ग्लुकोज आत घेण्याचं मोजमाप वेगळं करा. विघटन रोखायला त्याहून खूप कमी इन्सुलिन पुरतं, म्हणून एका मोजमापावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका.

इन्सुलिनची मात्रा आडवी आणि परिणाम उभा मांडून आलेख काढा. तो उजवीकडे सरकला तर संवेदनशीलता घटली. शिखरच खाली आलं तर दोष बहुधा रिसेप्टरच्या (पेशीवर इन्सुलिन जिथे चिकटतं त्या जागेच्या) पुढे, पेशीच्या आत आहे, कारण गरजेपेक्षा जास्त रिसेप्टर पेशीजवळ असतातच. लठ्ठपणात दोन्ही दिसतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो भागाकारात, म्हणजे निकाल ग्रॅमने भागायचा की पेशींच्या संख्येने यात. ६० मायक्रॉनची पेशी १२० ची झाली की घनफळ आठपट होतं, म्हणजे ग्रॅममागे पेशी आठव्या हिश्शाइतक्याच उरतात. ग्रॅममागे काढलेला आकडा त्यामुळे फसवतो. सूक्ष्मदर्शकाखाली किमान १०० पेशींचे व्यास मोजा आणि निकाल पेशीमागे मांडा.

तुलनेचा सडपातळ गट नुसत्या बीएमआयवर (उंचीच्या मानाने वजनाच्या आकड्यावर) निवडू नका. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि जॉन युडकिन यांनी स्वतःचेच आकडे दिले होते. दोघांचा बीएमआय २२.३, पण चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१. आपल्याकडच्या चरबी देणाऱ्या दात्यांचा कंबरेचा घेर, डेक्सा या क्ष-किरण तपासणीवर चरबीचं प्रमाण आणि उपाशीपोटीचं इन्सुलिन नोंदवा. मेटफॉर्मिनसारखी मधुमेहाची औषधं चालू असतील तर तीही लिहून ठेवा.